कोळशाची सायकल

बऱ्याच दिवसांनी लिहितोय.

माझ्या सायकलीबद्दल लोक तीन प्रश्न विचारतात. पहिला, केवढ्याला पडली? दुसरा, हिला स्टँड का नाही? आणि तिसरा, या वयात कशाला? (हा तिसरा बहुतेक वेळा मला विचारत नाहीत, आमच्या सौ.ला विचारतात.) पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकेका वाक्यात देता येतात. तिसऱ्याचं उत्तर मला तोंडी कधी धड देता आलेलं नाही, म्हणून म्हटलं लिहून बघावं.

किंमत आधी सांगून टाकतो. एक लाख अठरा हजार रुपये, सन २०१२. हे ऐकलं की समोरचा माणूस मनातल्या मनात मोटारसायकलींचे भाव आठवायला लागतो आणि मग माझ्याकडे जरा दयेने बघतो. पण ते पैसे माझे नव्हेत. सायकल चिरंजीवांनी घेतली. तेव्हा ते इथेच नाशकात नोकरीला होते, अंबडच्या एका कारखान्यात. दोन वर्षं हौसेने चालवली, आणि २०१४ साली जर्मनीला गेले. जाताना विमानात न्यायचा विचार होता, पण खोका, वजन, भाडं अशी गणितं झाली आणि सायकल मागच्या खोलीत राहिली. सौ.ने तिच्यावर जुनी चादर घातली. सहा महिने ती तशीच उभी होती. चादरीखाली कोणीतरी वाकून बसलंय असं रात्री वाटायचं.

मी निवृत्त झालो २००९ साली. मराठी आणि इतिहास शिकवला, पस्तीस वर्षं. त्यातली पंचवीस तरी वर्षं शाळेत सायकलनेच गेलो. ती ॲटलस होती, काळी, दांड्याची, मागे कॅरियर, पुढे डायनॅमोचा दिवा. वजन असेल वीसेक किलो. दसऱ्याला झेंडूची माळ, वर्षातून एकदा ओव्हरहॉलिंग, छर्रे आणि ग्रीस बदललं की झालं. (३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी वाचली तेव्हा त्या दिवशी चहा कडू लागला, एवढंच सांगतो.) सांगायचा मुद्दा असा की सायकल मला नवीन नव्हती. ही सायकल नवीन होती.

जानेवारी २०१५ मध्ये चादर काढली. चाकात हवा भरली. पहिल्यांदा उचलली तेव्हा हात नको तितका वर गेला, कारण स्नायूंनी ॲटलसच्या हिशोबाने जोर लावला होता. आठ किलो आणि थोडे ग्रॅम! शाळेतल्या सहावीच्या पोराचं दप्तर तेवढं भरतं. गल्लीत एक फेरी मारली. हँडल खाली, सीट वर, कंबरेत वाकलेला मी, आणि नुसतं पाय ठेवला की पुढे सटकणारी ती गाडी. दारात उभ्या सौ.ने विचारलं, "अहो, पोटात दुखतंय का?" तशी माझी मुद्रा होती म्हणे.

आता कार्बन म्हणजे काय, ते मी जसं समजून घेतलं तसं सांगतो. मी बीए मराठीचा माणूस, तेव्हा शास्त्र मंडळींनी सांभाळून घ्यावं.

कार्बन म्हणजे कोळसाच, पण धाग्याचा. पॉलिॲक्रिलोनायट्राइल नावाचं एक रसायन असतं. नाव मोठं आहे, पण ॲक्रिलिकचे स्वेटर आपण सगळे घालतो, त्या लोकरीचं हे सख्खं भावंड. त्याचे बारीक धागे काढतात आणि हवा न लागू देता हजार अंशांच्याही वर तापवतात. हवा नाही म्हणून ते जळून राख होत नाहीत. बाकीचं सगळं उडून जातं आणि जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. एकेक धागा आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक. ही करामत १९६० च्या सुमारास जपानमध्ये अकिओ शिंडो नावाच्या शास्त्रज्ञाने जमवली. हे धागे खळीसारख्या एका चिकट द्रव्यात, इपॉक्सीत, भिजवून त्यांचे पत्रे करतात. मग ते साच्यात एकावर एक घालतात, एक थर उभा, एक आडवा, एक तिरका, आणि दाबाखाली भाजतात. पोकळ नळी तयार होते. गोधडीच म्हणा ना! गोधडीत जसं कुठे थर जास्त घालायचे आणि टाके कुठल्या दिशेने मारायचे हे आजीला माहीत असायचं, तसं इथे कारागिराला. पायडलाजवळ जास्त थर, म्हणजे पायाचा जोर वाया जात नाही. सीटकडे जाणाऱ्या नळ्यांत कमी, म्हणजे खड्ड्याचा धक्का थोडा तिथेच जिरतो. १९८६ साली ग्रेग लेमाँ नावाच्या अमेरिकनाने टूर द फ्रान्स जिंकली ती कार्बनच्याच सांगाड्यावर. तेव्हा मी आठवीच्या वर्गाला शिवकाल शिकवत होतो आणि यातलं काहीही मला माहीत नव्हतं.

नाशिककर मंडळींना आठवत असेल, २०१५ साली आपल्याकडचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू 'रेस अक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा पुरी करून आले. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, दोघांनी आळीपाळीने, नऊ दिवसांच्या आत. त्यानंतर गावात सायकलींचं एकच वारं सुटलं. सकाळी साडेपाचला त्र्यंबक नाक्यावर निऑन रंगाच्या बनियनांची जत्रा असायची. त्या जत्रेत मीही होतो, पायजम्याच्या आत गादीची चड्डी घालून. बाहेरून घालायचं धाडस अजून व्हायचं होतं. :-)

तर तेव्हापासून आजपर्यंत अकरा वर्षं ही सायकल मी चालवतोय. मास्तरच्या सवयीने पहिल्या दिवसापासून वही ठेवली आहे. दोनशे पानी, लाल पट्टीची. रकाने असे: तारीख, कुठे, किलोमीटर, खर्च, शेरा. त्या वहीनुसार जानेवारी २०२६ अखेर ३८,६१२ किलोमीटर झाले. सर्वांत जास्त २०१७ साली, ५,२४०. त्याच वर्षी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे केली. साडेतेरा तासांची मुदत असते, मला बारा तास चाळीस मिनिटं लागली. सर्वांत कमी २०२४ साली, १,१०६. त्याचं कारण पुढे येईल.

अशी सायकल दीर्घकाळ सांभाळायची म्हणजे काय करावं लागतं, हे विचारणारे काही भाचे-पुतणे आहेत, त्यांच्यासाठी थोडं तपशिलात लिहितो. कंटाळा आला तर पुढचे तीनचार परिच्छेद गाळले तरी चालेल.

सांगाडा सोडला तर बाकी सगळं झिजतं. अकरा वर्षांत चेन नऊ झाल्या. नव्या चेनचे चोवीस सांधे बरोबर बारा इंच भरतात. माझ्याकडे शाळेतली स्टीलची फूटपट्टी आहे, तिने दर महिन्याला मोजतो. एक सोळांश इंच वाढली की चेन बदलायची, मग ती कितीही चकचकीत दिसो. ताणलेली चेन तशीच ठेवली तर ती मागच्या चक्रांचे दात खाते, आणि चक्रांचा संच चेनच्या दुप्पट किमतीचा. या हिशोबाने चक्रांचे संच फक्त चार लागले. मागचा टायर साधारण साडेचार हजार किलोमीटरला जातो, पुढचा दुप्पट टिकतो. ब्रेक रिमवर घासतात, त्यामुळे रिमच्या कडा आतून खोलगट होत जातात. बोट फिरवलं की कळतं. २०२१ मध्ये मागचं चाक त्यासाठीच बदललं.

कार्बनला गंज नाही, पण घामाची बाधा आहे, आणि ती कार्बनला नव्हे तर त्याला टेकलेल्या ॲल्युमिनियमला. खारट घाम, कार्बन आणि ॲल्युमिनियम असे तिघे एकत्र आले की बॅटरीसारखा प्रकार होतो आणि ॲल्युमिनियम कुजतं. पांढरी पावडर येते. सीटची नळी सांगाड्यात कायमची अडकून बसलेल्या सायकली मी पाहिल्या आहेत. म्हणून वर्षातून दोनदा सीटची नळी पूर्ण बाहेर काढायची, पुसायची, बारीक वाळूसारखी खरखरीत अशी एक खास पेस्ट मिळते ती लावायची आणि परत बसवायची. लक्षात राहावं म्हणून मी हे पाडव्याला आणि खंडेनवमीला करतो.

आणि पाना. ॲटलसचे नट आम्ही "अजून अर्धा आटा" म्हणत आवळायचो. इथे ते चालत नाही. कार्बन ओढायला आणि वाकायला वाघ, पण चिमटीत धरून दाबलं तर चिरडतो. म्हणून टॉर्कचा पाना असतो. आकडा लावायचा, पाच न्यूटन मीटर, आणि 'कट्' असा आवाज आला की हात थांबवायचा. चिरंजीवांनी तो पाना पहिल्या सुट्टीत आणून दिला. या घरातल्या सर्वांत शहाण्या वस्तूंपैकी एक. किती पुरे हे तो स्वतः सांगतो.

एकूण खर्च: किंमत सोडून अकरा वर्षांत एक लाख दहा हजारांच्या आसपास. किलोमीटरला तीन रुपयांच्या आत. सौ.ने हा आकडा ऐकून म्हटलं, "म्हणजे तुम्ही आणखी एक सायकल घेतलीत की!" हिशोबात ती माझ्यापेक्षा पक्की आहे.

माझा नेहमीचा रस्ता त्र्यंबकचा. सातपूर मागे टाकलं, महिरावणी आली, की डावीकडे डोंगर दिसायला लागतात. मोटारीतून जाताना हा रस्ता सपाट वाटतो. सायकलवर कळतं की जाताना सगळा हलका चढ आहे. शिवाय उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना तोंडावर. पण येताना तोच वारा पाठीवर हात ठेवतो. निवृत्त माणसाला याहून चांगला रस्ता मिळणार नाही. तरुणपणी उलटं चालेल, पण उतारवयात घरी परतताना वारा मागून हवा. अंजनेरीच्या अलीकडे, नाण्यांच्या संग्रहालयाजवळ, एक चहाची टपरी होती. तिथे मी थांबायचो. सायकल भिंतीला टेकवायची (स्टँड नाही कारण त्याचं वजन होतं, आणि सांगाड्याला ते चिमट्यासारखं लावावं लागतं, हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर), चहा प्यायचा आणि परत.

ऑगस्ट २०२३ मध्ये त्या टपरीवर एक टेम्पो मागे घेताना त्याचा कोपरा सायकलीला लागला. सायकल भिंतीवर आणि भिंतीच्या दगडी कठड्यावर आपटली. ड्रायव्हर पोरगा होता, घाबरून गेला. मी बघितलं तर वरच्या नळीवर नखाएवढा रंग उडालेला, बस्स. त्याला म्हटलं, जा.

लोखंडाची सायकल असती तर इथे गोष्ट संपली असती. लोखंडाला पोचा पडतो, तो दिसतो, हाताला लागतो. कार्बनचं तसं नाही. वरून रंग धड, आतून थर सुटलेले, असं होऊ शकतं. आणि मग पुढे कधीतरी, उतारावर, काही न सांगता... म्हणून घरी आणून नाण्याची परीक्षा केली. ही परीक्षा सगळे सायकलवाले करतात. नाणं घेऊन नळीवर टकटक करत जायचं. धड जागी आवाज टणक, खणखणीत येतो. थर सुटले असतील तिथे बद्द येतो. डॉक्टर छातीवर बोट ठेवून बोटाने वाजवतात, तसंच. सौ.ला स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करायला लावला आणि वाजवत गेलो. टण, टण, टण, आणि चार बोटं रुंदीच्या जागेत, बद्द. पुन्हा वाजवलं. पुन्हा बद्द. सौ. दारात उभी होती. तिलाही ऐकू आलं. काही बोलली नाही.

एका मोठ्या दुकानात नेली. तिथल्या मुलाने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "काका, फ्रेम बाद झाली. आता नवीनच घ्या, आमच्याकडे एक्स्चेंज आहे." जुन्या सायकलीचे चार हजार देतो म्हणाला. मी विचारलं, दुरुस्त होत नाही का? "कार्बन दुरुस्त होत नसतो काका." हे खरं नाही, हे मला वाचून माहीत होतं. विमानांचे कार्बनचे भाग दुरुस्त होतात, सायकलीचे का नाही होणार? वाद घातला नाही. पस्तीस वर्षं शिकवल्यावर एवढं कळतं की विकायला बसलेल्याला शिकवू नये.

माझा नेहमीचा मेकॅनिक माझाच जुना विद्यार्थी आहे. त्याने पुण्यातला एक कारागीर शोधून दिला. त्याने काय केलं ते फोटो पाठवून दाखवलं. दुखावलेला भाग घासून काढला, पण सरळ भोक पाडून नव्हे, तर पायऱ्या-पायऱ्यांनी, बशीसारखा उतरता. मग त्या पायऱ्यांवर नवं कापड, लहान तुकड्यावर मोठा, त्यावर अजून मोठा, जुन्या धाग्यांची दिशा धरून. वरून प्लास्टिकची पिशवी लावून हवा ओढून घेतली आणि उष्णता देऊन पक्कं केलं. तीन आठवडे, बारा हजार रुपये. रंगाचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, नको, तसंच राहू दे. लाल सायकलीवर तो काळा पट्टा अजून आहे. नाण्याने वाजवलं तर बाकीच्या नळीपेक्षा जास्तच खणखणीत वाजतो. वहीतला त्या दिवसाचा शेरा: "ठिगळ उत्तम. पास."

पण त्यानंतर एक गोष्ट झाली. उतारावर मी ब्रेक लवकर दाबायला लागलो. सायकल बरी झाली होती, पण मी प्रत्येक आवाजाला कान देऊ लागलो होतो.

आणि मग मार्च २०२४. सायकलीचा काही संबंध नाही. आमच्या इमारतीचा जिना नुकताच पुसलेला होता, शेवटच्या पायरीवर पाय सरकला आणि हात टेकला. एवढंच. मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि म्हणाले, "सर, एवढ्याशा पडण्याने एवढं मोडायला नको होतं. हाडांची घनता तपासू." तपासली. टी-स्कोअर उणे २.७ निघाला. उणे २.५ आणि त्याच्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, हाडं आतून विरळ झालेली. हा बायकांचा आजार अशी माझी समजूत होती. पुरुषांनाही होतो, फक्त ते तपासत नाहीत.

मी डॉक्टरांना म्हटलं, पण मी तर रोज व्यायाम करतो, नऊ वर्षं सायकल चालवतोय. ते हसले. म्हणाले, "सायकलने हृदय चांगलं राहतं सर, फुप्फुसं चांगली राहतात, हाडांना तिचा फारसा उपयोग नाही. हाडांना वजन पेलायला लागतं तेव्हा ती टिकतात. सायकलवर तुमचं वजन सीट पेलते." म्हणजे अडतीस हजारांतले पस्तीसेक हजार किलोमीटर मी जिला पायाखाली घेतलं, तिनेच मला उचलून धरलं होतं, आणि हाडं बसून होती. ऐकून मला राग यायला हवा होता, पण हसू आलं.

घरी येऊन सौ.ने नाणं आणलं. खरंच! माझ्या गुडघ्यावर टकटक केलं आणि म्हणाली, "बद्द." मग हसली, आणि मग रडली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. तिला मी असं रडताना तीनचारदाच पाहिलंय. म्हणाली, "अहो, खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. माझ्या वडिलांचं बघितलंत ना तुम्ही. मला ते पुन्हा करायची ताकद नाही." यावर मी काय उत्तर देणार? इथे तिसरा प्रश्न लोकांचा राहिला नाही, घरातला झाला.

डॉक्टरांनी सायकल बंद करा असं म्हटलं नाही. वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं इंजेक्शन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, वजनं उचलायचा व्यायाम, चालणं, आणि "पडू नका." सौ. म्हणाली, पडू नका हा काय सल्ला झाला? पडणारा ठरवून पडतो का?

चिरंजीव व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "बाबा, विकून टाका ना आता. नाहीतर देऊन टाका कुणाला तरी." सहज म्हणाले, काळजीनेच म्हणाले. पण माझ्या मनात आलं, विकणारा मी कोण? बिल त्याच्या नावाचं. नऊ वर्षं मी ती सांभाळली ती त्याची म्हणून. पाडव्याला सीटची नळी पुसताना, चेन मोजताना, कुठेतरी मनात हेच होतं की आला की त्याला चालवता आली पाहिजे. वहीच्या पहिल्या पानावर मी त्याची मापं लिहून ठेवली होती. पायडलाच्या मध्यापासून सीटपर्यंत ७३ सेंटिमीटर, हँडलचा पुढचा तुकडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो ११० मिलिमीटर. त्याखाली माझी: सीट ७०.५, स्टेम ९०. आणि त्याखाली पुन्हा माझी, २०२२ ची: स्टेम ८०, उलटा करून वर. पाठ कमी वाकायला लागली तसं हँडल जवळ आणत गेलो. त्याचा ११० चा स्टेम मी तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात जपून ठेवला होता.

डिसेंबर २०२४ मध्ये तो आला, तीन आठवड्यांसाठी. सूनबाई आणि नात बरोबर. येण्याच्या आदल्या रात्री मी सायकल त्याच्या मापाला लावली. स्टेम बदलला, सीट वर घेतली, पाच न्यूटन मीटर, कट्. दुसऱ्या रविवारी पहाटे तो अंजनेरीपर्यंत जाऊन आला. घामाघूम झाला होता. म्हणाला, "बाबा, ब्रेक तुमच्या हाताला लागलेत. गिअरही तुमच्याच सवयीचे झालेत. पण चालते काय सुंदर! माझ्याकडे होती तेव्हा एवढी चांगली नव्हती."

त्या दुपारी त्याने वही मागून घेतली आणि जेवण झाल्यावर गच्चीत बसून पहिल्यापासून वाचली. मला वाटलं खर्च बघत असेल. तो शेऱ्याचा रकाना वाचत होता. त्या रकान्यात मी सगळंच लिहितो. "वारा समोरून." "हिला ताप, लवकर परतलो." "मुलीचा बारसा, व्हिडिओवर पाहिला." "तिकिटं रद्द, विमानं बंद" (हे एप्रिल २०२०). "आज गाडी फार छान चालली, कुणाला सांगावं?" संध्याकाळी वही परत दिली, काही बोलला नाही. आमच्या घरात बापलेकांनी फार बोलायची पद्धत नाही.

जायच्या आदल्या दिवशी बघतो तर सायकल पुन्हा माझ्या मापाला लावलेली. सीट ७०.५, फूटपट्टीने मोजून बघितलं. ८० चा स्टेम जागेवर. मी ११० चा फडक्यात गुंडाळायला शोधू लागलो तर म्हणाला, "तो मी बॅगेत टाकलाय. तिकडे माझ्या सायकलीला होईल." तिकडच्या सायकलीला तो बसतो की नाही, मी विचारलं नाही. वहीत त्या दिवसाचा शेरा आहे: "सायकल मिळाली."

त्यानंतर मी आणि सौ.ने बसून करार केला. तो अजून पाळतोय. पावसाळ्यात रस्ता ओला असेल तर नाही. अंधारात नाही. घाट उतरायचा नाही, चढायचा असेल तर चढून गाडीतून खाली यायचं. मागचा डिरेलर बदलून ३२ दातांपर्यंतचं चक्र बसवलं, म्हणजे चढावर उभं राहायला लागत नाही. टायर २३ चे काढून २५ चे घातले, हवा कमी भरतो, हाडांना बरं. पुढचं सिंहस्थ जवळ आलं तशी त्र्यंबक रस्त्यावर खोदकामं निघाली, तेव्हा तो रस्ता सोडून गिरणाऱ्याच्या बाजूला जाऊ लागलो. द्राक्षबागा, बैलगाडी एखादी, कुत्री ओळखीची झालीत. सायकल आठवड्यातून दोन दिवस, बाकी चार दिवस पाठीवर पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन चालायचं. शेजारी विचारतात, मास्तर, रेशन मिळालं का?

आणि कराराचं शेवटचं कलम सौ.चं. दर शनिवारी संध्याकाळी मी भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं, डोळे उघडे, हात न टेकता, आणि तिने सेकंद मोजायचे. दोन्ही पायांवर दहाच्या वर टिकलो तर रविवारी सायकल. नाही टिकलो तर चालणं. आणि लागोपाठ चार शनिवार नाही टिकलो, तर सायकल मेकॅनिकला द्यायची, त्याच्या मुलीसाठी. ती दहावीत आहे, उंची साधारण माझ्याएवढी होईल. फूटपट्टी, पाना आणि वही सायकलीबरोबर जाईल. हे सगळं ठरलंय, दोघांच्या सह्या आहेत वहीत.

मग या वयात कशाला? तर अंजनेरीहून परतताना पाठीवर वारा असतो म्हणून. जिचा आवाज मला ओळखू येतो अशी एक वस्तू नीट ठेवता येते म्हणून. आणि शनिवारी संध्याकाळी दिवेलागणीनंतर सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत येते, घड्याळाकडे न बघता आपल्या लयीत मोठ्याने आकडे म्हणते, आणि माझा पाय डगमगायला लागला की तिचे आकडे जरा भरभर होतात, म्हणूनसुद्धा. मला कळतं. मी काही बोलत नाही.

असो. फार लांबलं. आज शनिवार. डावा पाय १७, उजवा १३. सकाळी साडेसहाला उजाडलं की निघतो.